चार युरोची वाइन, नऊ युरोचं बूच

इटलीतल्या मोदेनात राहायला आल्यापासून घरात लॅम्ब्रुस्को ग्रास्पारोस्सा दी कास्तेल्वेत्रो या फसफसणाऱ्या रेड वाइनची एक बाटली असतेच. बहुतेक वेळा आमाबिले, म्हणजे मध्यम गोड, कधीमधी दोल्चे, म्हणजे पुरती गोड. वाइनला नावं ठेवायला जागा नाही. तक्रार आहे ती उघडल्यावर उरणाऱ्या अर्ध्या बाटलीची.

घरात पिणारा मी एकटा. बायको वास घेऊन 'छान आहे' म्हणते, विषय संपला. पाऊण लिटर एका बैठकीत संपवणं मला जमत नाही. ही फ्रिझ्झांते, म्हणजे हलकी फसफसणारी, बाटलीतला दाब फार तर 2.5 बार. पुरत्या फसफसणाऱ्या स्पुमान्तेला किमान 3 लागतो. मुळात गॅसच कमी, उघडली की तोही चालू लागतो. गॅस आहे तोवर साखर, आंबटपणा आणि ग्रास्पारोस्साचा जीभ आवळणारा तुरटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. गॅस गेला की साखरच पुढे येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लासात जे पडतं ते थेट खोकल्याचं औषध.

म्हणून ऑनलाइन ते दोन चापांचं, रबरी वॉशरचं बूच मागवलं. नऊ युरो! वाइन चारची. हे चाप बाटलीच्या तोंडाखालच्या कडेत अडकायला हवेत. माझ्या बाटलीची कड बारीक, त्यामुळे चाप बसल्यासारखा वाटतो आणि फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की सुटतो. सकाळी दह्याच्या डब्यापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं जांभळं, आणि हा जांभळा डाग पांढऱ्या प्लास्टिकवरून सहजासहजी जात नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'हे शॅम्पेनच्या बाटलीसाठी आहे.' जाहिरातीत मात्र 'सर्व फसफसणाऱ्या वाइनसाठी' असं ठळक अक्षरांत. पुष्कळ ईमेलबाजीनंतर दोन युरोचं कूपन मिळालं, तेही पुढच्या खरेदीवर. त्यांच्याकडून पुढची खरेदी कोण करणार?

खाण्याबद्दलचं मत मात्र या काळात पार बदललं. सुरुवातीला वाइन गोड म्हणून केक, चॉकलेट असं गोडाबरोबरच घ्यायचो. त्यात ती पातळ आणि आंबट लागते. चॉकलेट-स्ट्रॉबेरीचं काम पिएमोन्ते प्रांतातल्या ब्राकेत्तो द'आक्वी या गोड रेड वाइनचं. तिला गुलाबाचा वास, अल्कोहोलही हलकं, आणि दामही जास्त, म्हणून ती फक्त वाढदिवसाला.

डोळे उघडले ते खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांकडे, म्हणजे शेजारच्या बाईंकडे. त्यांनी न्योक्को फ्रित्तो तळले होते, जुन्या पद्धतीने, डुकराच्या चरबीत. पिठाचा चौकोन फुगून आतून पोकळ होतो. गरम असतानाच त्यावर मोर्तादेला या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची कागदासारखी चकती टाकायची, तिची चरबी बघता बघता पारदर्शक होते. एक घास, वर थंडगार लॅम्ब्रुस्कोचा एक घोट, की टाळूवरचा तुपकट थर साफ. खारट आणि चरबीदार खाण्यासाठीच ही वाइन आहे. दोन वर्षं मुरलेलं पार्मिज्यानो रेज्यानो चीज, त्यातले कुरकुरीत कण दाताखाली येतात, तेही झकास. पिझ्झाबरोबर ठीक.

सिन्योरा स्वतः सेक्कोच, म्हणजे गोड नसलेली लॅम्ब्रुस्कोच पितात. माझी आमाबिले पाहून नाक मुरडतात, पण ग्लास पुढे करतात. तोर्तेल्लीनी या सारण भरलेल्या पास्त्याच्या सूपबरोबर सेक्को बरी, हे मलाही मान्य. मांतोव्हा शहराकडे तर गरम सूपच्या वाटीत सरळ लॅम्ब्रुस्को ओततात. मी अजून धाडस केलेलं नाही.

आता आपलं खाणं. बटाटेवडा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांच्याबरोबर ही वाइन जेवढी जमते तेवढी बाकी कुठलीच रेड जमली नाही. आंबवण्याची क्रिया मध्येच थांबवून द्राक्षाची साखर शिल्लक ठेवलेली असते, त्यामुळे अल्कोहोल साधारण आठ टक्के. जास्त अल्कोहोलच्या रेडने मिरची पेटते, हिने शांत होते. कांदाभजीही उत्तम. खोबऱ्याचं वाटण घातलेल्या मटणाच्या रश्श्यापुढे मात्र ती बिचारी हरवते. आणि थंडच प्या, 10-12 अंशांवर. गरम झाली की फेस जास्त, चव कमी.

अर्ध्या बाटलीच्या प्रश्नावर सध्याचा तोडगा असा: शनिवारी कोणी जेवायला असेल तरच उघडायची. तरी उरलीच तर दालचिनी घालून त्यात पेअर शिजवायचे, रस आटून दाट होईपर्यंत. एवढ्यासाठी वेगळी साखर लागत नाही, तेवढीच बचत. सिन्योरांना वाटीभर नेऊन दिले. खाल्ले सगळे, पण त्यांच्या मते यालाही सेक्कोच हवी होती.