बुशवेल्डचा क्रोमाइट संच: दगड अस्सल, माहितीपत्रक कच्चे

दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड या प्रचंड थरयुक्त अग्निजन्य खडकसमूहातल्या क्रोमाइटचे (क्रोमियमच्या काळ्या खनिजाचे) आणि त्यासोबतच्या खडकाचे असे चार नमुने असलेला हा संच आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता. लिम्पोपो प्रांतातील स्टीलपोर्टच्या खोऱ्यापर्यंत विद्यार्थ्यांना नेणे आम्हाला परवडणारे नाही, तेव्हा तिथला खडक निदान टेबलावर यावा एवढीच अपेक्षा होती आणि ती पुरेपूर भागली.

संचाची सारी किंमत एकट्या पहिल्या नमुन्यात वसूल होते. तळहाताएवढी ही चकती यूजी-१ (अपर ग्रुप, म्हणजे वरच्या गटातला पहिला) या क्रोमाइट थराच्या पायथ्याची असून तिची एक बाजू घासून गुळगुळीत केलेली आहे. जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेज (फिकट रंगाचे फेल्डस्पार खनिज) असलेल्या पांढरट ॲनॉर्थोसाइटमध्ये क्रोमाइटचे काळेभोर पट्टे आहेत. त्यांतला एक पट्टा मध्येच दुभंगतो, पांढऱ्या खडकाचे भिंगासारखे तुकडे कवेत घेतो आणि पुढे पुन्हा एकत्र येतो. जड स्फटिक शिलारसाच्या तळाशी बसत गेले आणि थर तयार झाले, हे पाठ्यपुस्तकी उत्तर इथे अपुरे पडते, कारण नुसत्या साचण्याने असे फाटे फुटणार नाहीत. मऊ असतानाच थर घसरले, की क्रोमाइटयुक्त रस मागाहून आत घुसला, यावर आजही वाद आहे.

याहून मूलभूत प्रश्न असा, की जवळपास शुद्ध क्रोमाइटचा थर मुळात बनतोच कसा? एरवी अशा शिलारसातून ऑलिव्हीन (एक हिरवट खनिज) आणि क्रोमाइट बरोबरीने स्फटिकरूप घेतात आणि त्यात क्रोमाइटचा वाटा नगण्य असतो. कॅनडाचे भूवैज्ञानिक टी. एन. अर्विन यांनी १९७० च्या दशकात मांडले, की सिलिकायुक्त खडक शिलारसात वितळल्यास किंवा ताजा शिलारस जुन्यात मिसळल्यास रासायनिक तोल ढळतो आणि काही काळ एकटे क्रोमाइटच बाहेर पडते. सुमारे २०६ कोटी वर्षांपूर्वी हे इतक्या मोठ्या प्रमाणावर घडले, की मीटरभर जाडीचे थर शेकडो किलोमीटर माग काढता येण्याइतके पसरले आहेत.

दुसरा नमुना एलजी-६ (लोअर ग्रुप, म्हणजे खालच्या गटातला सहावा) थरातला आहे. तो हातात घेतल्याबरोबर त्याचे वजन जाणवते आणि न चकाकवलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासल्यास तपकिरी रेघ उमटते. मॅग्नेटाइट या तशाच काळ्या लोहखनिजाची रेघ काळी येते, त्यामुळे दोघांतला फरक विद्यार्थ्यांना चटकन कळतो. मात्र हा खडक ठिसूळ आहे आणि पेटीच्या तळाशी काळ्या कणांचा थर जमला होता, तेव्हा अस्तर जाड हवे होते. उरलेल्यांपैकी यूजी-२ चा तुकडा प्लॅटिनमसाठी प्रसिद्ध असला तरी नुसत्या डोळ्यांना त्यात प्लॅटिनम दिसत नाही, आणि चौथा नमुना, पायरॉक्सिनाइट (मुख्यतः पायरॉक्सिन खनिजाचा गडद खडक), ठीकठाक आहे.

माहितीपत्रकाबद्दल मात्र तक्रार आहे. त्यात बिबट्याच्या ठिपक्यांसारख्या गोळ्यांचे जे छायाचित्र छापले आहे, ते ओमान किंवा तुर्कस्तानात समुद्रतळाच्या उचलल्या गेलेल्या खडकांत सापडणाऱ्या क्रोमाइटचे आहे. बुशवेल्डच्या थरांशी त्याचा संबंध नाही. त्याहून खटकणारी बाब म्हणजे चकतीच्या चिठ्ठीवर नुसते ‘ड्वार्स रिव्हर’ लिहिले आहे. तिथला नदीकाठचा प्रसिद्ध उघडा खडक संरक्षित वारसास्थळ आहे, म्हणून नमुना खाणीतून आला की तिथून उचलला गेला, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायलाच हवे. मी ईमेलने विचारले, तर उत्तरादाखल सवलतीचे कूपन आले.

शिकवण्यासाठी संच उत्तम आहे, परंतु मूळ ठिकाणाचा लेखी खुलासा मिळाल्याखेरीज दुसरा मागवू नये. शक्य असल्यास शेजारी कणकवलीजवळच्या जाणवली-वागदे भागातले क्रोमाइट ठेवावे. तिथे ते सलग थरांऐवजी सर्पेंटाइन या हिरवट खनिजात रूपांतर झालेल्या खडकात लहान भिंगांच्या रूपात आढळते, त्यामुळे तुलना चांगली होते.