जुन्या ट्रॅक्टरला डायनामोच ठेवायचा की अल्टरनेटर बसवायचा?

गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली ओढायची, तर हा प्रश्न येतोच. दोन्ही इंजिनावर फिरून वीज बनवतात आणि बॅटरी चार्ज करतात. डायनामो वाईट नाही. ब्रश बदलले, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) साफ केला, की कोल्हापुरात उद्यमनगरला रिवाइंडिंग (आतली तार नव्याने गुंडाळून घेणं) करून तो पुन्हा उभा राहतो. पण इंजिन आयडलवर असताना तो जवळपास काहीच देत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत दिवे लावून उभं राहिलं की बॅटरी उतरलीच म्हणून समजा.

अल्टरनेटर कमी आरपीएमलाही चार्ज करतो. वायरिंगही सुटसुटीत: अल्टरनेटरच्या बी प्लस टोकाची जाड वायर बॅटरीच्या प्लसकडे, डी प्लस टोकाची बारीक वायर इंडिकेटर बल्बमधून स्विचला. हा बल्ब शोभेचा नाही. त्यातूनच सुरुवातीचा करंट मिळतो, म्हणून तो उडाला की चार्जिंग रुसतं. जुना कटआऊट (बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ नये म्हणून असलेली डबी) काढूनच टाका. आणि आधी अर्थिंग बघा! काही जुन्या गाड्यांना प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तसाच अल्टरनेटर जोडला तर डायोड (आतले करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) गेले.

तपासायला मल्टिमीटर पुरे. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, मध्यम रेसवर 13.8 ते 14.4 हवेत. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघायची जुनी मिस्त्री-पद्धत डायनामोला खपायची, अल्टरनेटरला अजिबात नाही.

फक्त दिवसा नांगरटीला जुंपत असाल, तर डायनामोच दुरुस्त करा. रात्रीची वाहतूक असेल तर मी अल्टरनेटरच बसवीन.