क्लाउड डेटाबेस: रेकॉर्ड आहे, पण लिस्ट वेगळंच सांगते

स्पीड झकास, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही, ते सगळं मान्य. पण ऑर्डर 'पेंडिंग'ची 'पेड' केली आणि लगेच पेंडिंगची लिस्ट मागवली तर तीच ऑर्डर परत तिथे हजर, आयडीने उघडली की मात्र 'पेड'! तेवढ्यात आमच्या जॉबने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) पैसे भरलेल्या माणसाला रिमाइंडर पाठवलासुद्धा. ही लिस्ट येते सेकंडरी इंडेक्समधून, म्हणजे स्टेटसवरून ऑर्डर शोधायला ठेवलेल्या वेगळ्या यादीतून. तो मागाहून अपडेट होतो, एरवी कळतही नाही पण लोड वाढला की मागे पडतो, आणि स्ट्राँग रीड, म्हणजे हमखास ताजा डेटा वाचणं, फक्त मेन टेबलवर. डॉक्युमेंटेशनमध्ये आहे म्हणे, कोपऱ्यात एका ओळीत. आता इंडेक्समधून नुसते आयडी घेतो, स्टेटस मेन टेबलवर परत तपासतो, म्हणजे रीडचं बिल डबल. आणि इंडेक्समध्ये अजून आलीच नाही ती ऑर्डर तरीही सापडत नाहीच. पाचपैकी तीन स्टार.