राजहंसगड: घरच्या सर्वांनी मिळून चढावा असा गड

बेळगावच्या दक्षिणेला सुमारे 15 किलोमीटरवर, येळ्ळूरच्या शिवारामागे एकटाच उभा असलेला डोंगर म्हणजे राजहंसगड. जुनी माणसे त्याला आजही येळ्ळूरचा गड म्हणतात. लहान मुले आणि वयस्कर आईवडील यांना एकाच दिवशी, एकाच वाटेने आणि कोणाचीही ओढाताण न होता डोंगर दाखवायचा असेल, तर आपल्या भागात याहून योग्य जागा मला ठाऊक नाही. मात्र गडाच्या दाराजवळपर्यंत डांबरी रस्ता झाल्यामुळे बहुतेक कुटुंबे गाडीतून थेट वर जातात, वरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर छायाचित्रे काढतात आणि लगेच परततात. त्यांना गड दिसतो, पण तो चढण्यातला आनंद त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून गाडी पायथ्याच्या राजहंसगड गावातच, कोणाच्या अंगणाला किंवा बैलगाडीच्या वाटेला अडथळा होणार नाही अशा बेताने लावावी आणि वर पायीच जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शहरातून वडगावमार्गे येळ्ळूरला येणारा रस्ता मला अधिक आवडतो. खानापूर रस्त्याने देसूरच्या बाजूनेही येता येते. पण येळ्ळूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भातशेती पसरलेली असते आणि बेळगाव बासमती म्हणून नावाजलेला सुवासिक तांदूळ याच पट्ट्यातला, हे मुलांना शेतासमोर उभे राहून सांगता येते. चांगळेश्वरी देवीचे आणि दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारे हे गाव मागे पडले, की गडाची तटबंदी स्पष्ट दिसू लागते.

चढ वळणावळणाचा आहे, पण कोठेही अंगावर येणारा नाही. पायाखाली पक्का रस्ता असल्याने काठी टेकत चालणाऱ्या आजोबांनाही बेताबेताने, थांबत थांबत वर येता येते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना गाडीने वर पोहोचवण्याची सोय हाताशी असते, हा या गडाचा मोठा गुण होय. मुळात बेळगावच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट उंचीवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढायचा भाग थोडा आणि वरून दिसणारा मुलूख मात्र फार मोठा, असा लाभ येथे होतो. वाटेत सावली कमी आहे. त्यामुळे सकाळी लवकर निघावे, प्रत्येकाजवळ पिण्याचे पाणी असावे आणि गाडी वर येऊ-जाऊ शकते हे ध्यानात ठेवून मुलांचे हात धरून रस्त्याच्या कडेने चालावे.

गडाचा विस्तार लहान आहे आणि कुटुंबासाठी तेच बरे. आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे, विहीर आहे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. 2023 च्या मार्चमध्ये त्याचे अनावरण झाल्यापासून गडावरची वर्दळ पुष्कळ वाढली आहे. पुतळ्यासमोर मुलांचे डोळे मोठे होतात आणि ते पाहून कोणत्याही मराठी माणसाला समाधान वाटावे, यात नवल नाही. तरीही तेथेच न रेंगाळता तटाच्या कडेने फेरी मारावी, कारण या सहलीचे खरे फळ तटावरून दिसणाऱ्या देखाव्यात आहे.

उत्तरेकडे संपूर्ण बेळगाव शहर पसरलेले दिसते. शहरातला किल्ला भुईकोट, खंदकाने वेढलेला आणि पाया 1204 सालचा मानला जाणारा. आपण उभे आहोत तो डोंगरी. दोन्ही किल्ले पाहिलेल्या मुलाला, सपाटीवरच्या किल्ल्याला दुरून येणारा शत्रू हेरण्यासाठी अशा उंच जागेचा केवढा उपयोग झाला असेल, हे येथे उभे राहिल्यावर समजावून सांगावे लागत नाही. पश्चिमेला देसूरच्या बाजूने लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग आहे, आणि गाडी येण्याची वेळ साधली तर लहानग्यांचे लक्ष दुसरीकडे वळवणे कठीण होते. त्याच दिशेला दूरवर सह्याद्रीच्या रांगा. श्रावणसरी ओसरल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, खाली भात पोपटी असते आणि डोंगरांच्या एकामागे एक कडा मोजता येतात. माझ्या मते तेव्हापासून भातकापणीपर्यंतचे दिवस येथे येण्यासाठी सर्वोत्तम. भर पावसात ढग गडावर उतरतात, तेही सुंदर असते, पण दगड निसरडे होतात आणि देखावा मुळीच दिसत नाही, म्हणून लहान मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नये.

दोन गोष्टींबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. तटावर वारा जोराचा असतो आणि कडेला बसून छायाचित्र काढण्याचा मोह मोठ्यांनाच अधिक होतो; मुले तेच पाहून शिकतात, हे पालकांनी विसरू नये. दुसरी गोष्ट कचऱ्याची. रविवारच्या गर्दीनंतर तटाखालच्या गवतात वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या दिसतात, तेव्हा जीव हळहळतो, कारण गावातली गुरे त्याच उतारावर चरतात. घरून भाकरी, चटणी आणि भडंग डब्यात न्यावे, उरलेसुरले परत आणावे. आठवड्यातील मधला दिवस जमला तर गर्दीही टळते.

सराईत गिर्यारोहकाला हा गड फार सोपा वाटेल आणि त्याने येथे आव्हान शोधू नये. परंतु पहिल्यांदाच डोंगर चढणारे मूल येथून न रडता, उलट पुढच्या रविवारी कोठे जायचे असे विचारत खाली उतरत असेल, तर त्याला चंदगड तालुक्यातील देवरवाडीजवळच्या वैजनाथाच्या डोंगरावर न्यावे आणि तेथून पुढे, तटबंदीच्या आत आजही गाव नांदते आहे अशा महिपालगडावर.