हरमलचा भाड्याचा ग्लायडर आणि दुसऱ्याच्याच नावाचा विमा

पाऊस सरला की गोव्यात हरमलला आणि केरीच्या पठारावर पुन्हा ग्लायडर भाड्याने मिळू लागतील. (पॅराग्लायडरला आम्ही उडणारे नुसतं ग्लायडरच म्हणतो.) पर्यटक म्हणून कुणाच्या पुढ्यात बसून जाणाऱ्यांसाठी हे नाही. जे स्वतः शिकलेत, ज्यांना स्वतःचा ग्लायडर परवडत नाही आणि जे हंगामापुरता भाड्याने घेतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी म्हापशाची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. कामशेतला कोर्स केला, पी-2 (उडण्याच्या प्रशिक्षणाची दुसरी पातळी) झाले. त्यानंतर दर हंगामात रविवारी हरमल ठरलेलं. दुपारी खारा वारा सुटला की तो पश्चिमेच्या कड्यावर आदळून वर चढतो आणि त्या पट्ट्यात तासभर सहज तरंगता येतं.

2025 च्या जानेवारीत केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिला नेणारा चालक, दोघंही गेले. त्या बातमीनंतर आईने माझं उडणंच बंद करायला लावलं होतं. म्हणून मागच्या नोव्हेंबरात ग्लायडर ठरवताना मी पहिला प्रश्न विम्याचाच विचारला. भाड्याने देणारा म्हणाला, ‘‘बाय, आमच्याकडे सगळ्याचा इन्शुरन्स आहे. साडेतीन हजार जास्त दे, हंगामभर बघायला नको.’’ भाडं 22,000 आणि विम्याचे 3,500, दोन्ही त्याच्याच यूपीआयवर पाठवले. मागाहून त्याने एक लॅमिनेट केलेला कागद दिला. वर एका मोठ्या विमा कंपनीचं बोधचिन्ह, खाली पॉलिसी क्रमांक, मुदत 31 मार्च 2026 पर्यंत. घरी येऊन आईला दाखवला. तिने देवापाशी ठेवला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी वारा अचानक पडला. मी कड्याच्या उत्तर टोकाला होते. पुळणीपर्यंत पोचण्याइतकी उंची राहिली नाही आणि मी खालच्या काळ्या कातळावर उतरले. उजवा घोटा मोडला. ग्लायडर मागे कातळावर घासत गेला. त्या कातळाला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेने कापड वीतभर फाटलं आणि चार दोऱ्या तुटल्या. मला उचलणाऱ्या रापणकार दादांनी आधी माझा पाय बांधला, मग तो कापडाचा ढीग एकेक कालव सोडवत गोळा केला. त्यांचे उपकार विसरणार नाही.

खरी फसवणूक त्यानंतरची. माझी स्वतःची मेडिक्लेम होती. भाऊ कंपनीला कळवायला निघाला, तर ग्लायडरवाला दवाखान्यात येऊन म्हणाला, ‘‘दोन ठिकाणी क्लेम टाकला तर दोन्ही जातात. आमचाच आधी होऊ दे.’’ कागदावरच्या नंबरवर फोन केला की एक ‘एजंट’ उचलायचा, ‘‘फाइल पुढे गेली आहे’’ म्हणायचा. या भरवशावर आम्ही चार दिवस घालवले. त्यात ऑपरेशन झालं, प्लेट बसली, 1,38,000 रुपये बिल झालं आणि कॅशलेसची वेळ निघून गेली. इस्पितळात दाखल झाल्यावर आपल्या मेडिक्लेमला लगेच कळवायचं असतं, बहुतेक पॉलिसींत 24 तासांत. दुसरा कुणी काहीही सांगो, ते थांबवू नका.

पाचव्या दिवशी भावाने कागदावरचा नंबर सोडून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर लावला. पॉलिसी खरी होती. पण ती वेगळ्याच किनाऱ्यावरच्या एका जलक्रीडा व्यावसायिकाची, त्याच्या बोटीत बसणाऱ्या पर्यटकांसाठी काढलेली गट अपघात पॉलिसी होती आणि 31 मार्च 2024 ला संपली होती. मग मी तो कागद उन्हात धरून पाहिला. ‘2026’ मधला 6 शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड आणि केसभर वर होता. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरच्या मुदती तपासणाऱ्या माझ्या डोळ्यांनी तीन महिन्यांत तो 6 एकदाही नीट पाहिला नव्हता. याचं दुःख मला घोट्यापेक्षा जास्त आहे.

आणि त्या कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. गट पॉलिसी मालकाच्या नावाने असली तरी प्रत्येक विमाधारकाला त्याच्या नावाचं प्रमाणपत्र मिळायला हवं. ते मागा. पैसेही थेट विमा कंपनीला गेल्याची पावती मागा. 1938 च्या विमा कायद्यातलं कलम 64 व्हीबी सांगतं की प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. माझे 3,500 त्या माणसाच्या खात्यापलीकडे गेलेच नव्हते.

आता ग्लायडरचं. चार हंगाम वापरलेल्या ग्लायडरचे त्याने 1,60,000 मागितले. ‘‘तुमचा इन्शुरन्स?’’ विचारलं, तर म्हणे तो ‘माणसाचा’ आहे. माणसाचा मागितला तेव्हा ‘प्रवाशाचा’ झाला. ‘विमा आहे’ हे शब्द ऐकून मी निश्चिंत झाले होते, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: ग्लायडरचं नुकसान, खाली कुणाला लागलं तर त्याची भरपाई आणि उडणाऱ्याचं स्वतःचं शरीर. एकाचा विमा असला म्हणून बाकीच्या दोघांचा होत नाही. हरमलला येणाऱ्या एका ब्रिटिश पायलटने सांगितलं की त्यांच्याकडे बीएचपीए या संघटनेच्या सदस्यत्वातच तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा येतो, पण त्यातून त्याचा पाय किंवा भाड्याचा ग्लायडर दुरुस्त होत नाही.

मालकाने ग्लायडरचा विमा खरोखर काढला असला, तरी तो मालकाचा. कंपनी त्याला पैसे देते आणि मग नुकसान तुमच्या चुकीने झालं म्हणत तुमच्याकडून वसूल करू शकते. विम्यात याला सब्रोगेशन म्हणतात. पहिली काही रक्कम, म्हणजे एक्सेस, तशीही विमाधारकाच्या खिशातून जाते आणि भाड्याच्या व्यवहारात ती तुमच्यावरच ढकलली जाते. मी नंतर तीन कंपन्यांकडे चौकशी केली, भाड्याच्या ग्लायडरचा विमा एकीनेही दिला नाही. म्हणून यापुढे मी करारातच लिहून घेणार आहे: नुकसान झालं तर माझी जबाबदारी जास्तीत जास्त किती आणि कंपनी माझ्यामागे लागणार नाही. उडण्याआधी दोऱ्या आणि कापडाचे फोटो काढणार आहे, मालकाच्या समोर.

माझ्या शरीराच्या खर्चाचं शेवटी मेडिक्लेमनेच भागवलं. आधी त्यांनीही ‘साहसी खेळ’ म्हणून हरकत घेतली. त्या वगळणुकीला एक्सल 09 म्हणतात आणि ती सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य विम्यात सारख्याच शब्दांत असते. त्यात ‘व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास’ असे शब्द आहेत. मी हौसेने उडते, पोट दुकानावर आहे. दुकानाचं पत्र जोडलं आणि 1,21,000 मिळाले. जे टँडम, म्हणजे पर्यटकाला पुढ्यात बसवून, उडवतात आणि पैसे घेतात, त्यांनी मात्र हे वाक्य आपल्या विरुद्ध आहे असंच समजावं. बँकेच्या कार्डावरच्या वैयक्तिक अपघात विम्याने एक पैसा दिला नाही. त्यात उडण्याच्या बाबतीत परवानाधारक विमानातला प्रवासी तेवढा धरलेला असतो, स्वतः उडणारा नाही. तुमच्या पॉलिसीतलं ते पान आजच काढून वाचा.

कुणाची अशीच फसवणूक झाली असेल तर विमा नियामकाचा तक्रार क्रमांक 155255 आहे, ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळही आहे. पण कंपनीने पॉलिसी दिलीच नसेल तर तिथून पैसे मिळत नाहीत, तो मामला पोलिसांचा आणि ग्राहक आयोगाचा. मी दोन्हीकडे गेले. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, वकीलही लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. ग्लायडरवाल्याने 1,60,000 चा तगादा नोटीस गेल्यावर बंद केला, पण 3,500 अजून परत दिलेले नाहीत.

मूळ कागद पोलिसांकडे आहे. रंगीत प्रत मी दुकानात काउंटरच्या खणात ठेवली आहे. मागच्या महिन्यात पेडण्याचा एक मुलगा तसाच लॅमिनेट केलेला कागद घेऊन आला. दोन्ही शेजारी ठेवले. पॉलिसी क्रमांक एकच होता.