फोटोंचा अल्बम की पावसाळी कपडे? उरलेल्या वर्गणीचा हिशेब

फोंड्यातल्या आमच्या भटक्या मंडळींकडे गेल्या वर्षी वर्गणीतले 21,000 रुपये उरले. जानेवारीत सोनसोगडच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं, ते बारगळलं आणि गाडीवाल्याला आगाऊ दिलेले पैसे त्याने सज्जनपणे परत केले. माणसं चौदा, म्हणजे माणशी 1,500. या पैशांचं काय करायचं यावर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, दहा वर्षं आपण रानं तुडवतोय आणि फोटो सगळे मोबाइलमध्ये कुजतायत, तर छापून प्रत्येकाच्या घरी काहीतरी द्या. दुसरा म्हणाला, छापलेले फोटो कपाटात कुजतात, एवढाच काय तो फरक; त्यापेक्षा सगळ्यांना धड कपडे घ्या, दर पावसात कुणी ना कुणी सुती टी-शर्टात कुडकुडतं.

खजिनदार मी. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, निर्णय चवथीनंतर, म्हणजे गणपती झाल्यावर. मे संपता संपता दोन्हीकडचे नमुने पदरच्या पैशांनी एकेक करून आणले आणि मिरगापासून चवथीपर्यंत घरात आणि रानात वापरून पाहिले. तुमच्याही गटात, ऑफिसात किंवा घरात असा प्रश्न आला असेल, तर त्या पावसाळ्याचा अनुभव हा असा.

आधी एक गोष्ट. या दोन्ही वस्तूंबद्दलचे सल्ले बहुतेक कोरड्या हवेतल्या माणसांनी दिलेले असतात. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि सत्तरी-सांगेच्या घाटाकडे त्याहून जास्त. इथे मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, चिऱ्याच्या भिंतीवर हिरवं उमटतं. त्यामुळे वस्तू सुंदर आहे का, हा प्रश्न मी दुसरा ठेवला. पहिला प्रश्न होता, ओल सोसते का?

फोटो

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीचे निघाले फ्रिजवर लावायचे चुंबकी फोटो. मागचा थर रबरासारखा असतो, तो गंजत नाही. आकार पत्त्यापेक्षा जरासा मोठा, त्यामुळे फोटो थोडा हलका असला तरी खपून जातो. एकाचा कोपरा ऑगस्टमध्ये उचलला गेला, बस्स. फोटो छापलेला कप, म्हणजे मग, मात्र निव्वळ हौस. फोटोचा रंग बाष्प होऊन कपाच्या खास लेपात शिरतो, म्हणून पाण्याने जात नाही. तारेच्या घासणीने जातो. माझ्या मगात आता पेनं आहेत. प्रत्येकाच्या घरी असा एक मग आधीच असतो, हाही मुद्दा आहेच.

कॅनव्हासवर छापलेला मोठा फोटो दुकानात बघून जीव हरखतो. मी तो मुद्दाम पश्चिमेच्या भिंतीला लावला, जिथे पावसाचा मारा असतो. चवथीच्या साफसफाईत खाली काढला तर पुढून ठणठणीत आणि मागे राखाडी बुरा. कापड आणि लाकडी चौकट, दोन्ही ओल पितात. आतल्या भिंतीला, मागे बोटभर फट ठेवून लावला तर टिकेल. पण चौदा घरांतल्या भिंतींची हमी मी कशी देऊ? दाबलेल्या भुशाच्या पाटीवर चिकटवलेला फोटो तर विचारूच नका. जुलैतच त्याच्या कडा फुगून खाजासारख्या झाल्या.

साधी काचेची चौकट घेणार असाल तर एवढं एकच पाहा: फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी हवी. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो, दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला चिकटतो. आमच्या सासूबाईंच्या लग्नाचा फोटो असाच काचेचा झाला आहे. काढायला गेलं तर चेहरा काचेवर राहील, म्हणून चाळीस वर्षं कुणी हात लावलेला नाही.

आता मुख्य उमेदवार, म्हणजे अल्बम. यात दोन जाती. एक पातळ पानांचं, मासिकासारखं कण्यात चिकटवलेलं पुस्तक, साधारण हजार रुपयांत मिळतं. दुसरा जाड पानांचा, पूर्ण सपाट उघडणारा, लग्नाच्या स्टुडिओवाले ज्याला करिझ्मा म्हणतात तो. माझा वीस पानी मध्यम आकाराचा 3,800 रुपयांना झाला. फरक फक्त जाडीचा नाही. पातळ पुस्तकात मी दूधसागरचा फोटो दोन पानांवर पसरून टाकला होता. 310 मीटरचा धबधबा बरोबर फोटोच्या मधोमध. पुस्तक आलं तेव्हा तो नेमका कण्याच्या घडीत गडप. डावीकडे झाडं, उजवीकडे झाडं, मध्ये शिवण. छापणाऱ्यांकडे तक्रार केली तर म्हणाले, तुम्हीच मांडणी मान्य केलीत. खरंच केली होती. सपाट उघडणाऱ्या अल्बममध्ये हा घोळ होत नाही आणि वरचं पातळ प्लॅस्टिकचं आवरण ओलीपासून बऱ्यापैकी राखतं. त्या पावसात पातळ पुस्तकाची पानं लाटांसारखी झाली, जाडाची नाही.

छपाईपेक्षा जास्त दमवलं फोटो गोळा करण्यानं. स्वच्छ छपाईला एका इंचात 300 ठिपके हवेत असा साधा हिशेब आहे. म्हणजे 8 बाय 10 इंचांच्या पानाला 2,400 बाय 3,000. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला 1,600च्या आसपास उतरतो, म्हणजे धड सव्वापाच इंचांपुरताच. आणि आमच्या दहा वर्षांचं वैभव सगळं ग्रुपवरच पडलेलं. मूळ फोटो मागितला की पोरं तोच पुन्हा फॉरवर्ड करत. "काकी, पाठवला की!" "अरे, डॉक्युमेंट म्हणून पाठव." "तेच तर पाठवलंय!" हे संभाषण मी निदान सहा जणांशी केलं. त्यातल्या तिघांचे जुने फोन आता हयात नाहीत, सोबत फोटोही गेले.

आणखी एक गोष्ट मला पैसे घालवून कळली. आपले पावसाळी रानाचे फोटो मुळातच काळोखे असतात. फोनच्या पडद्यामागे उजेड असतो म्हणून तांबडी सुर्लाच्या देवळामागचं रान पाचूसारखं दिसतं. कागदामागे उजेड नसतो, तिथे तेच रान शेणकाल्यासारखं उतरतं. छापण्याआधी सावल्यांचा भाग थोडा उजळून घ्या आणि सगळा अल्बम टाकण्यापूर्वी एक 4 बाय 6ची प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा. त्या एका प्रतीने माझे बरेच पैसे वाचले असते.

कपडे

इकडे पहिला सामना सुती विरुद्ध पॉलिएस्टर. हा सामना पहिल्याच रविवारी संपला. नेत्रावळीला सावरीच्या धबधब्याच्या वाटेवर निम्मे जण सुतीत होते, मी 450 रुपयांच्या पॉलिएस्टर टी-शर्टात. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं, अंगाला चिकटतं आणि वारा सुटला की गारठवतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून ते अंगावरच वाळत जातं. जुलैत बाल्कनीतल्या दोरीवर माझा टी-शर्ट रात्रीत वाळला. यजमानांचा सुती तिसऱ्या दिवशी वाळला, तोही कुबट वास घेऊन. पॉलिएस्टरचा दोष असा की घामाचा वास लवकर धरतं आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवात घातलं तर घाम बाहेर टाकायचा त्याचा गुण जातो. साध्या साबणात धुवा, लगेच धुवा.

खरी गंमत पावसाळी जॅकेटची. आमच्यातल्या एका उत्साही गड्याने महागडं, 'श्वास घेणारं' जॅकेट घ्यायचा आग्रह धरला होता. त्याच्या पट्टीवर 10,000 मिलिमीटर असा आकडा असतो. याचा अर्थ दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड झेलतं. बाहेरचं पाणी आत येत नाही, हे खरंच. पण आतला घाम वाफ होऊन बाहेर जावा, हे जे त्याचं खरं मोल, ते आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा दमट असेल तेव्हाच मिळतं. जुलैतल्या सुर्लाच्या रानात बाहेरची हवाही भिजलेलीच. वाफ जाणार कुठे? चढ चढताना मी आतून इतकी ओली झाले की जॅकेट काढून पावसात उभी राहिले तेव्हा हायसं वाटलं. हिमालयात ते सोनं असेल, पण घाटातल्या पावसात त्यासाठी चार-पाच हजार घालू नका.

चढाला पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट बरा, बाजूंनी वारा खेळतो, पाठीवरची पिशवीही झाकली जाते. काट्यांत मात्र फाटतो आणि स्कूटरवर शिडासारखा फुगतो. म्हणून निकाल उलटसुलट आहे: रानासाठी पोंचो, पण ज्याला रोज फोंडा ते पणजी दुचाकीवर जायचं त्याला साधं जॅकेट, कारण रानात वर्षातून आठ रविवार आणि रस्त्यावर चार महिने. घाटातले गवळी-धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन पावसात उभे राहतात, त्यांना हा प्रश्न कधी पडलेला दिसत नाही. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. तिचं वजन मात्र माझ्या मानेला झेपणारं नाही.

पँट पूर्ण लांबीची, पटकन वाळणारी घ्या. बायकांच्या ट्रेक पँटचे खिसे कुणाच्या सल्ल्याने शिवतात देव जाणे, त्यात रुमाल मावतो आणि फोन डोकावत राहतो. मी शेवटी पुरुषांची घेतली.

पण एकच वस्तू घ्यायची असेल तर मी जळवांचे मोजे घेईन. साधारण साडेतीनशे रुपयांचे, घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत. नेहमीच्या मोज्याच्या विणीतून जळू सहज तोंड घालते, या कापडातून नाही. नेत्रावळीहून परतल्यावर माझ्या पायांवर एकही नव्हती. पायांना तंबाखू-मीठ चोळून आलेल्यांच्या पायांवरून आम्ही नऊ मोजल्या. हेच मोजे कोरड्या दिवसांतही कामाला येतात, फक्त शत्रू बदलतो. सत्तरीत 2015 साली माकडताप दिसला, तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर काजूच्या हंगामात असतो. तेव्हा पँट मोज्यात खोचून चालणं ही भित्र्यांची लक्षणं नव्हेत. फिकट रंगाची पँट असेल तर चढणारी गोचीड दिसतेही.

कपड्यांची खरी अडचण मापांची. चौदा जणांची मापं मागवली, त्यात चौघांनी कॉलेजातली सांगितली. फोटो सगळ्यांना बसतो, टी-शर्ट नाही.

मग घ्यावं काय

मधला मार्ग सुचवणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. आमचा म्हणाला, फोटोच टी-शर्टावर छापा! तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे तो. मगावरची तीच बाष्पछपाई फिकट पॉलिएस्टरवर उत्तम बसते, रबरी छाप्यासारखी छिद्रं बुजवत नाही. पण स्वतःच्या पोटावर आमच्यातल्या भाऊंचा हसरा चेहरा घेऊन घाट चढायची कुणाची तयारी नव्हती. भाऊंचीसुद्धा.

माझं मत असं. वर्षातून एखाददा, तेही डिसेंबरात चालणारा गट असेल तर कपड्यांवर पैसे घालू नका, अल्बम करा. निवृत्त होणाऱ्या, परगावी जाणाऱ्या माणसालाही अल्बमच द्या, त्याला मोजे देऊन काय करता? पण पावसात नेमाने बाहेर पडणारे असाल तर आधी मोजे, मग टी-शर्ट, आणि फोटोला उरलेले. हे मी सांगतेय, जिला फोटोंचं वेड आहे.

शेवटी पडवीत बसून हिशेब मांडला. माणशी टी-शर्ट 450, मोजे 350, चुंबकी फोटो दोन मिळून 120. एकूण 920, चौदा जणांचे 12,880. उरलेल्या 8,120 रुपयांत नव्याने जुळवलेला एकच जाड अल्बम 3,800 रुपयांचा, सगळ्यांचा मिळून. शिल्लक 4,320, ते पुढच्या सोनसोगडसाठी राखून ठेवले. चौदा वेगळी पातळ पुस्तकं मूळ 21,000 रुपयांत आली असती, पण घडीत हरवलेला दूधसागर चौदा घरांत पाठवायची माझी इच्छा नव्हती.

एक सूचना, दोन्ही गोष्टींना लागू. बंद कपाट दोघांचंही वाटोळं करतं. जॅकेट-पोंचोच्या आतला लेप दमट कपाटात चिकट होऊन सालासारखा सुटतो आणि अल्बमच्या कडांना बुरा धरतो. कपडे टांगून ठेवा, अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून चाळा.

आमचा अल्बम दर महिन्याला एका घरी जातो. सध्या तो बोरीला आहे, पुढे म्हार्दोळला. जूनमध्ये तो ज्याच्याकडे जाणार त्याचं घर नदीकाठी आहे, भिंती पाझरतात. त्यामुळे पावसाचे चार महिने अल्बम एसीवाल्यांकडेच ठेवावा, असं काहींचं म्हणणं. ज्यांच्याकडे एसी नाही, त्यांना ते मान्य नाही. पुन्हा दोन तट, आणि पुन्हा सगळे माझ्याकडे बघतायत.