घरापासून लांब गॅरेज बांधलं, वायरिंग दोनदा केलं: आमचा अनुभव आणि रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मुख्यतः दुसऱ्या वेळच्या वायरिंगच्या कामाचा आहे आणि त्याला मी पाचपैकी साडेचार स्टार देईन. पहिल्या कामाला एकही नाही, का ते खाली येतंच आहे.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात. घर वर, रस्ता खाली आणि मधे चाळीसेक पायऱ्यांची पाखाडी, त्यामुळे गाडी दारात आणायचा प्रश्नच नाही, इतकी वर्षं ती रस्त्याकडेला आंब्याखाली ताडपत्रीत उभी असायची. मागच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची परवानगी काढून खाली गॅरेज बांधलं, १२ बाय २० फूट, चिऱ्याच्या भिंती, वर लोखंडी ट्रस आणि कलर कोटेड पत्रा, पुढे १० फुटी रोलिंग शटर. बांधकामाबद्दल काहीच तक्रार नाही. गवंड्याने जोतं रस्त्यापेक्षा फूटभर वर घेतलं, कोब्याला शटरकडे उतार दिला, त्यामुळे गाडी धुतली तरी पाणी आत साचत नाही. फॅब्रिकेटरने ट्रसला आधी रेड ऑक्साइडचे दोन हात मारले मग ऑइलपेंट, आमच्याकडच्या खाऱ्या हवेत हे लागतंच.

घोळ झाला तो लाईटचा. गॅरेजच तर आहे, दोन ट्यूब आणि एक प्लग पॉइंट, असं म्हणून आम्ही गावात जो वायरमन पटकन मिळाला त्याला काम दिलं. त्याने घराच्या पडवीतल्या बोर्डातून दोनच वायरी काढल्या, फेज आणि न्यूट्रल, आणि पीव्हीसी पाइपातून गडग्याच्या कडेकडेने खाली नेल्या, मधे एक जोड, त्यावर काळी टेप. अर्थिंगची वायर नेलीच नाही. खालच्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला न्यूट्रलमधूनच लूप मारून ठेवलेला. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही कारण लाईट लागत होती, ड्रिल मशीन चालत होतं, पैसे दिले आणि विषय संपला.

जुलैत एका सकाळी सासूबाई खाली गेल्या, रात्रभर पाऊस पडलेला, पाय ओले, शटरच्या हँडलला हात लावला आणि जोरात ओरडून मागे पडल्या. शेजारच्या काकांनी धावत वर जाऊन मेन बंद केला. डॉक्टरांकडे नेलं, ईसीजी काढला, देवाच्या कृपेने सगळं ठीक निघालं, पण हात दोन दिवस दुखत होता. नंतर नवऱ्याने पायात रबरी बूट घालून मिनिटभर मेन चालू केला आणि शटरच्या पट्टीला टेस्टर लावला, तर त्यातला दिवा लख्ख पेटला. तो छोटासा केशरी दिवा बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच शटरला माझा मुलगा रोज सायकल टेकवून ठेवायचा.

झालं काय होतं तर ट्यूबची वायर ट्रसवरून क्लिप न मारता तशीच ओढलेली, पत्र्याच्या बोल्टच्या धारेवर घासून तिचं इन्सुलेशन गेलं आणि ट्रस, पत्रा, शटर सगळ्यात करंट उतरला. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडला नाही, कारण एमसीबी फक्त ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या दृष्टीने काहीच नसतो. आणि आमच्या घराचं वायरिंग जुनं, त्यात आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लगेच लाईट तोडणारा स्विच, नव्हताच.

मग मात्र आम्ही राज्य सरकारचा परवाना असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर शोधला. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे परवाना स्वतःहून दाखवला आणि दुसरी, रेट सांगायच्या आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. खाली काय काय चालणार, गाडी धुवायचा प्रेशर वॉशर आहे का, इलेक्ट्रिक स्कूटर आहे का, पुढे इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे का. आमची स्कूटर आहे, कार घ्यायचा विचार आहे. त्यावर ते म्हणाले, "ताई, मग केबल आत्ताच मोठी टाका, चर परत परत खणता येत नाही." घरापासून गॅरेजपर्यंत २५ मीटर भरतात. त्यांनी कागदावर गणित करून दाखवलं की अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून १६ अँपिअर ओढले तर वाटेतच ६ व्होल्ट पडतात, आणि ६ स्क्वेअर एमएम घेतली तर उद्या ३२ अँपिअरचा चार्जर लावला तरी ५ व्होल्टच्या आत भागतं. म्हणून ६ स्क्वेअर एमएमची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड केबल. तिच्यावर लोखंडी तारांचं चिलखत असतं, त्यामुळे उंदीर-घुशींची पण काळजी नाही.

चर अडीच फूट खोल पाहिजे म्हणाले, पण आमच्याकडे दीड फुटावर कातळ लागतो. ब्रेकर आणून फोडला, दोन ठिकाणी अजिबातच फुटेना तिथे केबल जीआय पाइपात घालून वरून काँक्रीट केलं. बाकी चरात खाली वाळू, मग केबल, परत वाळू, त्यावर चिऱ्याचे तुकडे आणि वर धोक्याची पट्टी, म्हणजे उद्या कोणी माड लावायला खड्डा खणला तर कुदळीला आधी पट्टी लागेल. हे सगळं होत असताना मी तिथेच उभी होते आणि फोटो काढून ठेवलेत, केबल कुठून गेली ते नंतर आठवत नाही.

अर्थिंगचं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आमची जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठाक, अर्थिंग लागत नाही. त्यांनी न्हाणीचं पाणी माडांना जातं त्या ओलीच्या जागेजवळ तीन मीटरचा कॉपर बाँडेड रॉड घातला, मीटरवर ९ ओहम आले, ते त्यांना पटले नाहीत (हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं). मग बऱ्याच अंतरावर दुसरा रॉड घालून दोन्ही जोडले तेव्हा ४ च्या खाली आले. मी म्हटलं आता झालं ना सेफ? तर म्हणाले नाही. ४ ओहममधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ५७-५८ अँपिअर जातील, आणि ३२ अँपिअरचा सी कर्व्ह प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला किमान १६० लागतात. म्हणजे अर्थिंग कितीही चांगलं केलं तरी अशा वेळी एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही, आरसीसीबी पाहिजेच. हे इतकं सरळ गणित मला आजवर एकाही वायरमनने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे "अर्थिंग केलंय ना, मग काय" हेच ऐकायची सवय.

आता गॅरेजमध्ये वेगळा डीबी, म्हणजे स्विचांचा बोर्ड आहे, ३० एमएचा (मिलिअँपिअर) आरसीसीबी, त्यापुढे लाईटला ६ अँपिअरचा, प्लगला १६ चा आणि चार्जिंगला २० चा एमसीबी, वायरी त्या त्या हिशोबाने दीड, अडीच आणि चार स्क्वेअर एमएम. घराकडच्या टोकाला ३२ चा डीपी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी आणि १०० एमएचा थोडा उशिरा पडणारा आरसीसीबी, म्हणजे गॅरेजमध्ये काही झालं तर आधी खालचाच पडतो, वरचं घर अंधारात जात नाही. न्यूट्रल आणि अर्थ खाली कुठेही जोडलेले नाहीत, तो आधीचा लूप त्यांनी काढून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की वाटेत न्यूट्रल तुटला असता तर ड्रिल मशीनच्या लोखंडी अंगात २३० व्होल्ट आले असते. सॉकेट सगळे चार फुटांवर, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत राहते.

आणि शटर. शटरच्या पट्टीला, ट्रसला, पत्र्याला अर्थिंगची हिरवी वायर जोडली. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवायच्या आधी त्यांच्या पोराने पॉलिश पेपरने तेवढाच रुपयाएवढा रंग खरवडला, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत, मग बोल्ट, स्टार वॉशर, आणि आवळून झाल्यावर वरून परत रंग. रंगावरच लग बसवला तर अर्थिंग नुसतं दिसायला राहतं म्हणे.

शेवटी पैसे घ्यायच्या आधी माझ्यासमोर टेस्ट. मेगर नावाच्या मीटरने वायरींचं इन्सुलेशन बघितलं, आरसीसीबीला मीटर लावला तर २२ एमएला पडला. मग टेस्ट बटन दाबायला मला लावलं, खट्टकन आवाज येऊन पडला. महिन्यातून एकदा दाबा म्हणाले, पण हेही सांगितलं की बटनाने फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही, ते दर उन्हाळ्यात मीटरने मोजून घ्यायचं.

अर्धा स्टार का कापला? चार दिवस सांगून तेरा दिवस लावले, त्यात मधे गणपती आले हे मान्य, पण फोन करून सांगायला हवं होतं. भिंतीला झिऱ्या मारल्या त्या भरल्या, पण वरचा गिलावा आमच्या गवंड्याकडून करून घ्यावा लागला, आणि कातळाचे तुकडे आठवडाभर पाखाडीवर पडून होते, म्हाताऱ्या माणसांच्या पायात येत होते. सर्ज प्रोटेक्टर मी विचारल्यावर लावला, वैशाखातल्या आमच्याकडच्या विजा बघता तो पहिल्या कोटेशनमध्येच पाहिजे होता. खर्च मटेरियल, खोदाई धरून ४६ हजार झाला, पहिल्याने ७ हजार घेतले होते.

घरातल्या बोर्डालाही आता आरसीसीबी बसवून घेतलाय, तो बसवल्या दिवशीच गीझर लावला की पडायला लागला, बघितलं तर गीझरचं एलिमेंट गळत होतं. किती दिवस ते तसं चालू होतं देव जाणे.

कार दिवाळीनंतर येतेय. तिच्या चार्जरला साधा एसी टाइपचा आरसीसीबी चालणार नाही, किमान ए टाइपचा लागेल आणि महावितरणकडे लोड वाढवून घ्यावा लागेल, त्याचा टेस्ट रिपोर्ट हेच कॉन्ट्रॅक्टर देणार आहेत. ते काम झालं की कसं झालं ते इथेच लिहीन.